निस्सीम इझिकेल : मराठी घरातला इंग्रजी कवी आणि आपण

मासुंदा :

टेंभी नाक्याच्या परिसरात, सिव्हिल हॉस्पिटलजवळ, 'शार हाशमाइम' हे ज्यूंचे प्रार्थनामंदिर आहे. ते १८७९ साली बांधले गेले आणि त्याच्या हिब्रू नावाचा अर्थ 'स्वर्गाचे दार' असा आहे. माझा सारा जन्म ठाण्यात गेला, त्या वास्तूवरून किती वेळा ये-जा केली याची गणती नाही, आणि तरीही आत प्रार्थना करणारी माणसे कोण, त्यांची घरातली भाषा कोणती, हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. कनिष्ठ महाविद्यालयात इंग्रजी शिकवताना निस्सीम इझिकेल यांची 'नाइट ऑफ द स्कॉर्पियन' (विंचवाची रात्र) ही कविता अनेक वर्षे माझ्या वाट्याला येत असे. कवीचा परिचय म्हणून मी 'भारतीय इंग्रजी कवितेचे अध्वर्यू, ज्यू कुटुंबात जन्म, साहित्य अकादमी पुरस्कार' एवढे फळ्यावर लिहून पुढे सरकत असे. फळ्यावरचा तो 'ज्यू' आणि टेंभी नाक्यावरचे ते मंदिर यांचा एकमेकांशी संबंध आहे, हे निवृत्तीनंतर कळले. त्या उशिरा आलेल्या समजेतून हा धागा काढते आहे.

इझिकेल यांचा जन्म १६ डिसेंबर १९२४ रोजी मुंबईत, बेने इस्रायल, म्हणजे कोकणात स्थायिक झालेल्या मराठी भाषक ज्यूंच्या, कुटुंबात झाला. वडील वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक होते आणि आई स्वतःची शाळा चालवत असे, त्यामुळे शिकवणे हा घरचाच व्यवसाय म्हणायला हवा. (नावाविषयी थोडे अवांतर : 'निस्सीम' हे नाव देवनागरीत लिहिले की आपल्याला ते संस्कृत वाटते आणि 'निस्सीम भक्त' आठवतो. मूळ हिब्रू शब्दाचा अर्थ मात्र 'चमत्कार' असा आहे.) शालेय शिक्षण रोमन कॅथलिक शाळेत झाले, १९४७ साली विल्सन महाविद्यालयातून एम.ए. झाले आणि वर्षभर त्यांनी अध्यापनही केले. त्या काळात ते मानवेंद्रनाथ रॉय यांच्या रॅडिकल डेमोक्रॅटिक पक्षाकडे ओढले गेले होते. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्यामुळे रॉयवाद, म्हणजे रॉय यांचा बुद्धिवादी विचार, मराठी वाचकाला परका नाही, म्हणून हा तपशील मला महत्त्वाचा वाटतो. श्रद्धेकडे संशयाने, पण तुच्छतेने नव्हे, पाहण्याची जी सवय त्यांच्या कवितेत दिसते तिची एक मुळी इथे असावी.

१९४८ साली ते लंडनला गेले. सोबत नाट्यदिग्दर्शक इब्राहिम अल्काझी होते, आणि प्रवासखर्चही अल्काझींनीच उचलला होता. तिथे बर्कबेक महाविद्यालयात त्यांनी तत्त्वज्ञानाचा अभ्यास केला, तळघरातल्या खोलीत दिवस काढले आणि कविता लिहिल्या. 'अ टाइम टू चेंज' हा पहिला संग्रह १९५२ साली लंडनमध्येच प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी परतताना तिकिटापुरते पैसे नसल्यामुळे इंडोचायनाकडे शस्त्रे घेऊन निघालेल्या एका मालवाहू जहाजावर डेक घासण्याचे काम करत ते मुंबईला आले. विलायतेहून परतणाऱ्या मराठी लेखकांच्या आठवणी मी पुष्कळ वाचल्या आहेत, पण फरशी पुसत परतलेला दुसरा कवी मला माहीत नाही.

पुढची काही वर्षे पोटासाठीच्या धडपडीची होती. 'इलस्ट्रेटेड वीकली'मध्ये उपसंपादकी झाली, जाहिरात कंपनीत नोकरी झाली, आणि १९५५ साली सुरू झालेल्या 'क्वेस्ट' या नियतकालिकाचे ते पहिले संपादक होते. १९६१ साली ते विलेपार्ल्याच्या मिठीबाई महाविद्यालयात इंग्रजीचे विभागप्रमुख झाले. १९७२ पर्यंत तिथे आणि त्यानंतर १९८५ पर्यंत मुंबई विद्यापीठात त्यांनी शिकवले. मधल्या काळात लीड्स आणि शिकागो इथे पाहुणे प्राध्यापक म्हणून जाऊन आले. १९८३ चा साहित्य अकादमी पुरस्कार 'लॅटर-डे साम्स' या संग्रहाला मिळाला आणि १९८८ साली पद्मश्री. अखेरच्या वर्षांत अल्झायमरने त्यांची स्मृती नेली आणि ९ जानेवारी २००४ रोजी मुंबईतच त्यांचे निधन झाले.

आता मुद्द्यावर येते. इंग्रजीचा प्राध्यापक आणि मराठीचा कवी ही जोडी आपल्या चांगलीच ओळखीची आहे. मर्ढेकर इंग्रजी शिकवत, विंदा करंदीकर शीवच्या एस.आय.ई.एस. महाविद्यालयात इंग्रजी शिकवत, आणि दोघांनीही वर्गात शेक्सपिअर शिकवून घरी येऊन कविता मराठीत लिहिली. इझिकेल यांच्या बाबतीत हे उलटे झाले. ज्या समाजाची मातृभाषा मराठी, त्या समाजातल्या या माणसाने कविता लिहिली ती इंग्रजीत. अशा कवीला मराठी वाचकाने कुठे ठेवायचे? त्याला आपला म्हणताना आपण उगाच नाते लावतो आहोत का? जाणकारांनी लिहावे.

कळवापूल :

आपला परिचयलेख आवडला, परंतु शेवटच्या प्रश्नाचे माझे उत्तर थोडे कडू आहे. 'आपला' म्हणण्यासाठी भाषेशिवाय दुसरा निकष नसतो. अरुण कोलटकर आणि दिलीप चित्रे हेही इंग्रजीत लिहीत होते, पण त्यांनी मराठीत जे लिहिले त्याने मराठी कवितेचे वळण बदलले. इझिकेल यांनी मराठीत कविता लिहिली नाही. त्यांची मुंबई ही मुख्यतः इंग्रजी बोलणाऱ्यांची, संपादकांची, नाटकवाल्यांची आणि प्राध्यापकांची मुंबई आहे. तिच्यात गिरणगाव नाही. मर्ढेकरांनी 'पिपांत मेले ओल्या उंदिर' लिहिली, तेव्हा त्या महानगराची घाण मराठी शब्दांच्या अंगाला लागली होती. इझिकेल यांची 'आयलंड' ही कविता मी वाचली आहे. झोपडपट्ट्या आणि गगनचुंबी इमारती एकाच बेटावर उगवतात हे निरीक्षण चोख आहे, पण तो माणूस खिडकीत उभा राहून पाहतो आहे असे मला सतत वाटत राहते.

शिवाय आपण मराठी माणसे कोणी मोठा झाला की त्याच्या आडनावात 'कर' शोधत बसतो, ही सवयही मला फारशी भूषणावह वाटत नाही. इझिकेल चांगले कवी होते, इंग्रजीचे होते, आणि एवढ्याने त्यांचे काही कमी होत नाही.

मलिदा :

मी या संकेतस्थळावर बरीच वर्षे वाचनमात्र आहे. या धाग्यामुळे पहिल्यांदाच लिहिते आहे. मी ठाण्याची आणि बेने इस्रायल आहे. माझे सदस्यनाम ज्यांना मुसलमानी वाटले असेल त्यांच्यासाठी सांगते : आमच्याकडे नवस फेडताना किंवा शुभकार्यात एलियाहू हानाबी, म्हणजे प्रेषित एलिया, यांचे स्मरण करून जो नैवेद्य करतात त्याला 'मलिदा' म्हणतात. भिजवलेले पोहे, गूळ, ओले खोबरे, वेलची आणि वर फळे. पोहे, गूळ आणि नारळ आले की प्रदेश कोणता ते वेगळे सांगावे लागत नाही.

कळवापूल यांनी 'कर' शोधण्याचा उल्लेख केला, म्हणून थोडे लिहिते. आमच्या परंपरेनुसार आमचे पूर्वज अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर फुटलेल्या जहाजातून वाचले. ते कोकणातल्या गावांत पसरले, तेलाचे घाणे चालवू लागले आणि शनिवारी घाणा बंद ठेवत म्हणून गावाने त्यांना 'शनिवार तेली' म्हटले. ज्या गावात राहिलो त्याचे आडनाव घेतले : पेणकर, रोहेकर, किहीमकर. हिंदी चित्रपटातले चरित्र अभिनेते डेव्हिड हे चेऊलकर होते. ही आडनावे कोणी आम्हाला चिकटवलेली नाहीत, ती आमची आहेत. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आमच्याकडे बायबलमधल्या कथांवर मराठी कीर्तने होत, आणि वल्हांडणाच्या सणाला वाचायची 'हग्गादा' ही पोथी मराठी भाषांतरासह छापलेली होती. १९४८ नंतर समाजातले बहुसंख्य लोक इस्रायलला गेले. जे उरले त्यांतले पुष्कळसे आज ठाण्यात आहेत, आणि इस्रायलला गेलेल्यांपैकी जुनी माणसे अजूनही आपसांत मराठी बोलतात.

आता इझिकेल यांच्याविषयी. त्यांचे घर शहरी, शिकलेले आणि धर्माच्या बाबतीत उदार होते, आणि कर्मकांडाचा त्यांना ओढा नव्हता. तरीही 'बॅकग्राउंड, कॅज्युअली' या आत्मचरित्रात्मक कवितेत त्यांनी आपल्या पूर्वजांचा उल्लेख केला आहे, तो भाकरीसाठी बिया चिरडणारे, जातींच्या उतरंडीत परके, असा. तो घाणाच आहे. हे कवितेत एका ओळीत येते आणि तळटीप नसेल तर परदेशी वाचकाला त्याचा बोध होत नाही. मला पहिल्याच वाचनात झाला, कारण माझ्या पणजोबांच्या घराला गावात 'तेल्याचे घर' म्हणत. 'ज्यूइश वेडिंग इन बॉम्बे' ही कविताही वाचून पाहावी. त्यात लग्नातली रडारड ही रीत म्हणून कशी पार पाडली जाते, आणि नवरा 'आधुनिक' असल्यामुळे हुंडा कसा घेतला जात नाही, याचे जे मिस्कील वर्णन आहे ते कोणत्याही मराठी घरातल्या लग्नात खपून जाईल.

त्यांना आपले म्हणायचे की नाही हे मी सांगणार नाही. फक्त 'खिडकीत उभे राहून पाहणे' हा आरोप मला अडखळायला लावतो, कारण आमच्या समाजाला पिढ्यान् पिढ्या दारातच उभे राहण्याची सवय आहे. आत बोलावले तर जातो, नाही बोलावले तर तिथूनच पाहतो.

मासुंदा :

मलिदाताई, लिहित्या झालात याचा फार आनंद वाटला. घाण्याची ती ओळ मी वर्षानुवर्षे वाचली होती आणि मला ती साधी उपमा वाटत होती. हे इथे कबूल करून टाकते.

कळवापूल, 'बॅकग्राउंड, कॅज्युअली'चा शेवट तुमच्या आक्षेपाला काही प्रमाणात उत्तर देतो असे मला वाटते. मी काही निर्णय केले आहेत आणि त्यातला एक म्हणजे जिथे आहे तिथेच राहण्याचा, असे कवी तिथे म्हणतो. दुसरे लोक कुठल्यातरी दूरच्या मागासलेल्या जागी स्वतःला वाहून घेतात, तशी माझी मागासलेली जागा म्हणजे मी आहे तीच, असा त्याचा आशय आहे. हे विधान भावनेच्या भरात केलेले नाही. भारतीय वंशाचे इंग्रजी लेखक व्ही. एस. नायपॉल यांचे भारतावरचे पुस्तक 'अ‍ॅन एरिया ऑफ डार्कनेस' १९६४ साली आले तेव्हा इझिकेल यांनी 'नायपॉल्स इंडिया अँड माइन' हा प्रदीर्घ निबंध लिहिला. नायपॉल यांनी दाखवलेली घाण आणि दैन्य त्यांनी नाकारले नाही. त्यांची तक्रार अशी की नायपॉल यांच्या चिडीतून माणसे दिसेनाशी होतात. मी हिंदू नाही, माझ्या पार्श्वभूमीमुळे मी इथे स्वभावतःच बाहेरचा आहे, पण परिस्थितीने आणि स्वतःच्या निर्णयाने मी भारताशी बांधलेला आहे, अशी त्यांची भूमिका होती. ज्या काळात त्यांच्या समाजातली कुटुंबेच्या कुटुंबे बोटीत बसून जात होती त्या काळात हे लिहिले गेले आहे, हे ध्यानात घेतले की 'जिथे आहे तिथेच' या शब्दांचे वजन वाढते.

सानपाडाकर :

मी नवी मुंबईतल्या एका महाविद्यालयात इंग्रजी शिकवतो, त्यामुळे या धाग्यात पडणे भाग आहे. इझिकेल यांच्या ज्या कवितांवरून सर्वांत जास्त वाद होतो त्या म्हणजे 'भारतीय इंग्रजी'तल्या कविता : 'द पेट्रिअट' आणि 'गुडबाय पार्टी फॉर मिस पुष्पा टी. एस.' वर्गात या कविता वाचल्या की मुले खो खो हसतात. मग एखादा शहाणा विद्यार्थी विचारतो की, सर, ही आपलीच टिंगल आहे ना? अनेक वर्षे माझ्याकडे याचे उत्तर नव्हते.

नंतर मी त्या कविता मनातल्या मनात मराठीत बोलून पाहिल्या आणि हसू थांबले. त्या बोलणाऱ्याचे इंग्रजी चुकते ते अज्ञानाने नव्हे, त्याच्या इंग्रजीखाली भारतीय भाषेचे व्याकरण चालू असते म्हणून. आपण 'ती नेहमी हसत असते' म्हणतो, तो ते शब्दशः चालू वर्तमानकाळात आणतो. आपण 'हसत हसत' अशी द्विरुक्ती करतो, तीही तो इंग्रजीत करतो. पुष्पाबाईंच्या निरोप समारंभात वक्ता त्यांच्या वडिलांविषयी सांगू लागतो आणि ते बलसाडचे की सुरतचे यातच अडकतो. हे आपल्याकडच्या प्रत्येक निरोप समारंभात घडते आणि सोसायटीच्या सर्वसाधारण सभेत तर हमखास घडते. 'द पेट्रिअट'मधला गृहस्थ गांधी, चीन, पाकिस्तान असे जगाचे प्रश्न सोडवत असताना मध्येच समोरच्याला लस्सी हवी का असे विचारतो. त्या लस्सीत कवीचा सारा जीव आहे. जगात युद्धे का होतात हे त्या माणसाला कळत नाही, पण समोरच्याला तहान लागली असेल हे कळते. टिंगल करणाऱ्याने ती लस्सी ठेवली नसती.

अर्थात, इंग्रजी उत्तम येणारा माणूस इंग्रजी बेताचे येणाऱ्याचा आवाज काढतो तेव्हा त्यात वरून खाली पाहणे अजिबात नसते, असे म्हणण्याचे धाडस मी करणार नाही. थोडे असतेच. पण मला वाटते हा प्राध्यापकाचा कान आहे. उत्तरपत्रिका तपासताना चूक दिसली की आपण लाल रेघ मारून पुढे जातो. या माणसाने ती चूक नीट ऐकून घेतली.

आणखी एक गोष्ट, जी त्यांच्या संग्रहांत दिसत नाही. मुंबईत इंग्रजीतून लिहिणाऱ्या पुढच्या पिढीचे ते अनौपचारिक गुरू होते. न्यू मरीन लाइन्सच्या थिऑसॉफी हॉलमधल्या पी.ई.एन. या लेखकांच्या संघटनेच्या कार्यालयात बसून त्यांनी किती नवोदितांची हस्तलिखिते वाचली याची मोजदाद नाही. गीव्ह पटेल यांचा पहिला संग्रह १९६६ साली त्यांनीच प्रकाशित केला, आणि त्याच सुमारास 'पोएट्री इंडिया' हे नियतकालिकही काढले. ते फार काळ चालले नाही. एरवी आपल्याकडे ज्येष्ठ कवी नवोदितांना प्रस्तावना देतात, जी लिहायला सोपी असते. विशेषण गाळा, ही ओळ काढा, असे सांगत बसणे वेळखाऊ आणि अप्रिय काम आहे.

ओवी :

सानपाडाकर, शेवटच्या परिच्छेदाशी पूर्ण सहमत. कळवापूल यांनी मराठीशी संबंधच नाही असे म्हटले नसले तरी एक नोंद इथे हवीच. १९७५ साली इंदिरा संत यांच्या कवितांचा इंग्रजी अनुवाद 'स्नेक-स्किन अँड अदर पोएम्स' या नावाने प्रसिद्ध झाला, आणि तो वृंदा नाबर आणि निस्सीम इझिकेल यांनी मिळून केला होता.

ही निवड मला फार बोलकी वाटते. मराठीतून इंग्रजीत न्यायला त्या वेळी गाजणारे, बंडखोर, शहरी कवी पुष्कळ होते. इझिकेल यांनी हात घातला तो बेळगावला राहून, आपल्या दुःखाला आवाज चढवू न देता लिहिणाऱ्या कवयित्रीच्या कवितेला. इंदिराबाईंच्या कवितेत शब्द मोजके, वस्तू घरगुती, आणि भावना अशी की ती बोलून दाखवली तर विटेल. इझिकेल यांच्या १९६५ च्या संग्रहाचे नाव 'द एक्झॅक्ट नेम', म्हणजे नेमके नाव. वस्तूला तिचे नेमके नाव देण्याची ओढ दोघांनाही होती आणि तिथे त्यांचे जमले असावे. 'पोएट, लव्हर, बर्डवॉचर' या कवितेत इझिकेल म्हणतात की पक्षी पाहणारा, प्रेम करणारा आणि शब्दांची वाट पाहणारा, तिघांनीही घाई करायची नसते. इंदिराबाईंच्या वाचकाला हे समजावून सांगावे लागत नाही.

वैद्यबुवा :

धागा वाचतो आहे आणि त्यात भर घालण्याइतके साहित्य मला कळत नाही. परंतु 'नाइट ऑफ द स्कॉर्पियन' या विंचवाच्या कवितेचा उल्लेख झाला म्हणून व्यवसायाला जागून एक सांगतो. त्या कवितेत कवीच्या आईला विंचू चावतो आणि वडील तिच्या पायाच्या दंश झालेल्या बोटावर रॉकेल ओतून काडी लावतात. कृपया हे कोणी करू नये, याचा विषावर काहीही परिणाम होत नाही. कोकणातला लाल विंचू एके काळी जीवघेणा होता, आणि महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी प्राझोसिन हे रक्तदाबावरचे औषध वापरून त्यावरचे उपचार बदलले ते कवितेनंतर बऱ्याच वर्षांनी. वेदना वीस तासांनी ओसरल्या हे कवीचे निरीक्षण मात्र वैद्यकीयदृष्ट्या अगदी पटण्यासारखे आहे.

कळवापूल :

वैद्यबुवांच्या निमित्ताने मी ती कविता काल रात्री पुन्हा वाचली, आणि माझ्या पहिल्या प्रतिसादातला काही भाग मला मागे घ्यावासा वाटतो. सगळा नाही.

मराठी वाचक 'विंचू' म्हटले की एकनाथांच्या भारुडाकडे जातो, तसा मीही गेलो. नाथांच्या भारुडात विंचू म्हणजे काम आणि क्रोध. त्याच्या दंशाने तमोगुणाचा दाह होतो आणि सत्त्वगुणाचा अंगारा लावला की तो उतरतो. इझिकेल यांच्या कवितेत शेतकरी कंदील घेऊन येतात, आईभोवती जमिनीवर बसतात आणि बोलू लागतात : या वेदनेने तुझी मागच्या जन्मीची पापे जळोत, पुढच्या जन्मीचे दुःख कमी होवो, या विषाने तुझ्या देहातली वासना आणि मनातली आकांक्षा धुऊन निघो. म्हणजे सामग्री तीच आहे, वासना, विष, दाह आणि शुद्धी, फक्त दिशा उलटी झाली आहे. नाथांकडे वासना हेच विष आहे, इथे विषच वासनेवरचा उतारा ठरते. इझिकेल यांनी भारूड ऐकले होते असा माझा दावा नाही. पण त्या शेतकऱ्यांनी ते ऐकले असणार, पिढ्यान् पिढ्या ऐकले असणार, आणि कवीने त्या शेतकऱ्यांचे बोलणे न मोडता टिपले आहे.

दुसरे असे की त्या कवितेत कवी खिडकीत उभा नाही. तो त्याच खोलीत, मातीच्या भिंतींवर पडलेल्या विंचवाच्या प्रचंड सावल्यांमध्ये, लहान मुलाच्या उंचीवरून पाहतो आहे. वडील बुद्धिवादी, पण घाबरून प्रत्येक पूड, काढा आणि मंत्र करून पाहतात. शेजारी श्रद्धाळू, पण रात्रभर जागतात. कवी दोघांपैकी कोणाचीही बाजू घेत नाही. रॉयवादी तरुणाने शेजाऱ्यांची अंधश्रद्धा सोलून काढली असती तर टाळ्या मिळाल्या असत्या, आणि ही कविता ब्रिटिश शाळांच्या परीक्षेपर्यंत पोहोचली नसती.

मराठीत न लिहिण्याविषयीचा माझा आक्षेप मात्र कायम आहे. विंचू उतरवायला आलेली ती माणसे कोणत्या भाषेत बोलत होती? आणि अंगाला पीळ पडून चटईवर तळमळणारी ती आई? माझ्या कानाला ते सगळे मराठी ऐकू येते. म्हणजे कवीने ते आधी मनात इंग्रजीत आणले आणि मग लिहिले. ही कविता मुळातच भाषांतर आहे आणि तिची मूळ संहिता हरवलेली आहे.

मासुंदा :

कळवापूल, भारुडाचा मुद्दा मला माझ्या सबंध नोकरीत सुचला नाही. आम्ही 'मध्यवर्ती कल्पना' आणि 'अलंकार ओळखा' यातच पावसाळे काढले. परंतु शिक्षिकेच्या सवयीने एक सावधगिरीची सूचना करते : कवितेत गावाचे नाव नाही, भाषेचेही नाही. आई मराठी बोलत होती हे तुम्ही म्हणता, कविता म्हणत नाही.

कळवापूल :

मान्य. तरीही अनुवादकाला कोणतीतरी एक बोली निवडावीच लागते, आणि मी कोकणाची निवडली आहे. रात्री झोप लागेना म्हणून अनुवादाला बसलो. बराचसा भाग झाला आणि शेवटच्या तीन ओळींवर अडलो. वीस तासांनंतर वेदना उतरते आणि आई एवढेच म्हणते की देवाची कृपा, विंचवाने मला गाठले आणि माझ्या मुलांना सोडले. इंग्रजीत ही ओळ इतकी साधी आहे की तिथे कवी बाजूला झाला आहे आणि बाईच बोलते आहे असे वाटते. मी तीन पर्याय लिहिले :

'देवाची कृपा की विंचवाने माझी निवड केली आणि माझ्या मुलांना वगळले.' हे सरकारी परिपत्रक झाले.

'परमेश्वरा, तुझे उपकार, मलाच डसला, लेकरांना नाही.' हे नाटकातले झाले.

'देवाची दया, मला चावला, पोरं वाचली.' हे जवळ येते, पण मूळच्या वाक्यात विंचवाने जणू मुद्दाम तिला हेरले असा जो भाव आहे तो निसटतो.

ओवी :

तिसऱ्यात 'चावला'ऐवजी 'गाठलं' करून पाहावे. 'मला गाठलंन्' असे केले तर कोकणही येईल.

मलिदा :

मी काल हा धागा माझ्या आईला वाचून दाखवला. तिचे वय ऐंशीच्या पुढे आहे आणि तिचे बालपण रेवदंड्याच्या बाजूला गेले. कविता तिने कधी वाचलेली नाही. मी तिला फक्त प्रसंग सांगितला आणि विचारले की अशा वेळी आजी काय म्हणाली असती. ती क्षणभरही थांबली नाही. म्हणाली, "देवान् राखलं. माझ्यावरच भागलं, पोरांवर नाय गेलं."

त्यात विंचवाचे नावसुद्धा नाही, हे माझ्या लक्षात नंतर आले. अनुवाद म्हणून ते चालेल की नाही हे तुम्ही ठरवा.

कळवापूल :

'माझ्यावरच भागलं' घेतो आहे. विंचू आदल्या ओळीत सरकवावा लागेल, त्यामुळे मागचे कडवे पुन्हा मांडावे लागणार. आईंना माझा नमस्कार सांगा.